मामाच्या नावाचा ठप्पा

संध्या तांडेलला स्वस्थ बसता येत नाही, हे करावे गावात कुणाला सांगावं लागत नाही. मालिका लागली तरी ती उभ्यानेच बघते. हातात फडकं असतं, आणि जाहिराती सुरू झाल्या की ओटा, खिडकी, जिना, जे समोर येईल ते पुसून येते. लेकीचं लग्न ठरल्यापासून तर तिच्या पायाला भिंगरी लागली होती. तिचा नवरा हरेश बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून. तो एवढंच म्हणायचा, की लग्न उन्नतीचं, धावते ही, आणि दमतोय मी.

त्या शनिवारी दुपारी तिचा दीर हितेश छापखान्यातून पत्रिकांचे खोके आणून पुढच्या खोलीत ठेवून गेला. संध्याने हात धुतले, पदराला पुसले, वरची एक पत्रिका देवापुढे ठेवली आणि दुसरी उघडली. पत्रिका देखणी होती. आतला कागद चकचकीत, सायीच्या रंगाचा, त्यावर डाळिंबी अक्षरं. वर एकवीरा आई. खाली तांडेलांची सगळी भावकी. चुलते, चुलत चुलते, ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे तोसुद्धा, कारण घरचं भांडण पत्रिकेत दाखवायचं नसतं. वारलेल्यांच्या नावामागे कैलासवासी. अगदी तळाशी पोरांची ओळ, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं', आणि तिच्याखाली अजून धड बोलताही न येणाऱ्या एका पुतण्याचं नाव.

तिने एकदा वाचलं. मग बोट ठेवून वाचलं. मग पत्रिका उलटी करून मागे बघितलं आणि पाकिटातही डोकावून पाहिलं.

"काय शोधतेस आई?" उन्नतीने विचारलं.

"मामाला."

"मामाला काय?"

"मामा नाय यान," संध्या म्हणाली आणि लग्न ठरल्यापासून पहिल्यांदा हातात काम नसताना खाली बसली.

गोटीराम भोपी हा संध्याचा एकुलता एक भाऊ. तळोज्याला राहतो, तिथल्या एका कारखान्यात क्रेन चालवतो. उन्नतीचा एकुलता एक मामा. मामा म्हणजे लग्नातला कुणी साधा पाहुणा नव्हे. नवरी मांडवात येते ती मामाच्या मागून, मामाने घेतलेली पिवळी साडी नेसून. पहिली पत्रिका एकवीरा आईच्या पायाशी जाते, दुसरी मामाच्या हातात, आणि त्यानंतरच बाकीच्या गावाला. उद्या रविवारी ती दुसरी पत्रिका घेऊन मायलेकी तळोज्याला जेवायला जाणार होत्या. आणि पत्रिकेत शेंबड्या पुतण्याला जागा मिळाली होती, मामाला नव्हती.

"आसूं दे गं," हरेश पंख्याखालून म्हणाला. "पत्रिका कोन वाचतंय?"

हे अर्धं खरं होतं. पत्रिका कुणीच वाचत नाही, पण आपलं नाव प्रत्येक जण वाचतो, आणि नसलं तर ते मरेपर्यंत वाचत राहतो. आपल्या आत्येच्या लग्नातली अशी एक राहून गेलेली काकी हरेशलाही चांगली ठाऊक होती. म्हणून मग त्यानेच फोन हातात घेतला.

छापखान्याचा फोन बऱ्याच वेळाने उचलला गेला. मालक जत्रेला गावी गेलेला, मशीन बुधवारपर्यंत बंद. बेलापूरला कचेऱ्यांच्या आवारात शिक्के बनवून देणारे बसतात, पण शनिवारी कचेऱ्या बंद, म्हणून तेही बंद. हरेशने मग शेवटचा उपाय काढला. "सांग, छापखान्यावाल्यान चूक केली. गोटीराम कं इचाराला जानार हाय?"

"चूक त्याची नाय," संध्या म्हणाली. "माजी हाय."

नावं तिनेच सांगितली होती. स्वयंपाकघरात कोळंबी सोलत बसली होती आणि हितेश समोर बसून फोनमध्ये टिपून घेत होता. सासरची नावं घेताना एकही राहू नये म्हणून तिने घरामागून घर, आळीमागून आळी धरली. हितेशने सगळं वाचून दाखवलं, आणि ती म्हणाली, "झालं, बराबर हाय." गोटीराम तिला आठवलाच नाही. आठवायला तो लांब कुठे होता? मांडववाला त्याने ठरवला, हळदीचा बँजो त्याने ठरवला, दिवसातून दोनदा त्याचा फोन. पत्रिकेत नाव घालायचं ते बोलवायच्या माणसांचं, असं तिच्या मनाने परस्पर धरून टाकलं होतं, आणि दादूसला, सख्ख्या भावाला, कुठे बोलवायचं होतं?

हे सगळं खरं होतं, आणि यातलं काहीही गोटीरामला सांगता येण्यासारखं नव्हतं.

ती खोलीत येरझाऱ्या घालू लागली. कपाट उघडलं, बंद केलं. माठ भरलेला होता तरी भरायला घेतला. उन्नतीच्या टेबलापाशी येऊन तिथला पसारा आवरू लागली आणि मध्येच थांबली. टेबलावर रबराचे तुकडे, छोटी पाती आणि शाईच्या डब्या होत्या. नोकरीवरून आली की उन्नती रबर कोरून ठप्पे बनवायची. हळदीला येणाऱ्या बायकांना द्यायच्या कापडी पिशव्यांवर तिनेच कोरलेला मासा आणि आंब्याचं पान उमटलं होतं. संध्या त्या सगळ्याला रबराचा कचरा म्हणायची आणि रोज झाडूने गोळा करताना ऐकवायची.

"तुजे या कचऱ्याचा कं व्हईल का?" तिने विचारलं.

उन्नतीने आईकडे बघितलं, मग पत्रिकेकडे. "मजकूर संपतो तिथे मध्ये जागा आहे. मामाचं नाव बसेल. पण माझ्याकडे दोनच रबरं आहेत, आणि नाव मी कधी कोरलेलं नाही. मासा जरा वाकडा आला तरी मासाच दिसतो."

तिने बटर पेपरवर पेन्सिलीने नाव लिहिलं. मामा, मग श्री. गोटीराम भोपी. कागद रबरावर पालथा घालून नखाने घासला, तशी अक्षरं उलटी होऊन रबरावर उतरली. आता अक्षरं सोडून बाकीचं सगळं रबर काढून टाकायचं होतं. उन्नती खिडकीत बसली. पातं तिने एका जागी धरलं आणि डाव्या हाताने रबर हळूहळू फिरवत राहिली. हात हलवायचा नाही, रबर फिरवायचं, यात सगळं कसब होतं. गुलाबी साल बारीक कुरळी होऊन पडत होती.

संध्याला ते बघवेना. तासभर झाला तरी नुसतं 'मामा' झालेलं. ती मागे उभी राहिली, पुढे आली, चहा करून आणला, कप उचलला, दिवा लावला, मालवला. "हलव ना हात जरा," ती म्हणाली. उन्नती रबरच फिरवत राहिली. संध्याकाळी तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा फोन आला, तेव्हा ती रबर ठेवून सज्जात गेली.

आता या बाईने तिथून लांब जायला हवं होतं. पण 'गोटीराम'मधल्या रा ला किंचित रबर चिकटून राहिलं होतं, आणि ते संध्याला दिसलं. जन्मभर जिने मांदेलीची पोटं नखाएवढ्या चिरेने साफ केली तिला एवढंसं काढायला काय होतंय? तिने पातं उचललं आणि मासा चिरतात तसा हात ओढला. रबर मासा नव्हतं. राचा काना मुळापासून सुटला, टेबलावरून उडी मारून खाली गेला, आणि त्याच्यासोबत अर्धा म.

उन्नती आत आली तेव्हा संध्या जमिनीवर गुडघे टेकून काना शोधत होती.

"राहू दे," उन्नती म्हणाली. "तो परत लागत नाही."

ती ओरडली नाही, आणि तेच संध्याला फार लागलं. या घरात कामाला हात लावला की ते काम होतं, असा तिचा आजवरचा अनुभव. आज पहिल्यांदा तिने हात लावला आणि कामाचा सत्यानाश झाला. भावाचं नाव ती एकदा विसरली होती, आता स्वतःच्या हाताने तोडलं होतं. तिला रडू आलं. रडतानासुद्धा ती टेबल पुसत होती.

उन्नतीने दुसरं, शेवटचं रबर काढलं. "आई, एक काम कर. दाराबाहेर पायरीवर बस आणि कोणी आलं तर तिथूनच परत पाठव."

संध्या पायरीवर बसली. कुणीही आलं नाही. तिने पायरी दोनदा धुतली.

ठप्पा तयार झाला तेव्हा चांगलीच रात्र झाली होती. उन्नतीने डाळिंबी शाईत तो हलकेच टेकवून कोऱ्या कागदावर दाबला. मामा, श्री. गोटीराम भोपी. अक्षरं सुबक होती, शेवटचा पी जरासा कलला होता. पण नाव केवढं! भावकीची अक्षरं तांदळाच्या दाण्याएवढी, तर गोटीराम त्यांच्या दुप्पट.

"याहून बारीक हाताने येत नाही," उन्नती म्हणाली. "म चं पोट बुजतं."

तेवढ्यात हितेश मोटारसायकलच्या डिकीत पत्रिका भरायला आला. त्याने तो कागद हातात धरला आणि त्याचा चेहरा पडला. "वहिनी, नवऱ्या मुलाचे बापाशीपेक्षा मोटा दिसतंय. आपली माणसं तोंड फिरवतील. सगल्यांवं नका मारू. मामाला देयाचे त्या मारा, त्यांचे आळीत जातील त्या मारा. बाकी कोनाला कलनार हाय?"

हरेशलाही ते पटलं. खरं सांगायचं तर संध्यालाही पटलं. वीस-पंचवीस पत्रिकांचं काम, घटकाभरात उरकलं असतं, आणि उद्या दादूस आपलं नाव बघून खूश. तिने उन्नतीकडे पाहिलं.

"मामाचं नाव मामालाच दाखवायला मी नाही कोरलं," उन्नती म्हणाली. "मारायचं तर सगळ्यांवर. नाहीतर उद्या त्याला कोरीच द्या, आणि तोंडाने सांगा."

मग हरेश उठला आणि त्याने पहिला खोका फोडला. हरेश पत्रिका उघडून पुढे सरकवायचा, उन्नती ठप्पा मारायची, हितेश कुरकुरत उचलायचा. पाचवी पत्रिका मिटल्यावर घोटाळा लक्षात आला. चकचकीत कागदावर शाई सुकतच नव्हती. मिटलेल्या पानावर गोटीराम दुसऱ्या बाजूलाही उमटला होता. पत्रिका उघड्याच ठेवायला हव्या होत्या, निदान सकाळपर्यंत.

म्हणून त्या जमिनीवर मांडल्या. जमीन भरली तेव्हा पलंगावर, फ्रिजवर, खिडक्यांच्या कट्ट्यांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर. पंखे बंद. मधल्या खोलीत एका खुर्चीवर संध्या मांडणी बघत बसली होती, आणि बघता बघता तिच्या चारही बाजूंनी पत्रिका आल्या.

"आता उठू नकोस," उन्नती दारातून म्हणाली. "पदर लागला तरी पुसेल. वाळायला लागल्या की वाट करून देते."

म्हणजे शेवटी संध्या बसली. हातात फडकं होतं आणि पुसायला काही नव्हतं. जिकडे बघावं तिकडे दादूस. आणि अशी बसल्यावर तिच्या डोक्यात तो दिवस पुन्हा आला, पण या वेळी सगळाच्या सगळा आला. ती कोळंबी सोलत होती. हितेश पाटावर बसला होता. आणि खिडकीपाशी स्टुलावर चढून, तोंडात स्क्रू धरून, गोटीराम हवा बाहेर फेकणारा पंखा बसवत होता. सकाळीच तळोज्याहून आला होता, हळदीच्या स्वयंपाकाला धूर नको म्हणून. तिने घरामागून घर, आळीमागून आळी नावं घेतली तेव्हा तो तिथेच होता. तिने "झालं, बराबर हाय" म्हटलं तेव्हाही तो तिथेच होता. मग तो खाली उतरला, हात धुतले, तिने दिलेला चहा प्यायला आणि गेला.

त्याने ऐकलं होतं. आणि तरी संध्याकाळी त्याचा फोन आला होता, मांडववाल्याने खुर्च्या किती धरल्यात ते विचारायला.

संध्याला त्या खुर्चीतून उठून पळत सुटावंसं वाटलं, पण पाय ठेवायला जागा नव्हती.

रविवारी सकाळी मायलेकी बेलापूरहून मेट्रोत बसल्या. संध्याच्या मांडीवरच्या पिशवीत अक्षता, पेढे, आणि वर एक पत्रिका, उन्नतीने मध्ये पातळ कागद घालून ठेवलेली. उन्नतीला तिने स्टुलाचं काही सांगितलं नव्हतं. तळोज्याला उतरल्यावर कारखान्यांचा तो कडवट वास आला. संध्याला माहेरचा वास म्हणजे हाच, नाक मुरडायची तिला कधी सवय नव्हती.

गोटीराम दारातच उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस ओले. "या नवरीबाई," तो म्हणाला. आत रंगूबाई मामी भाकऱ्या थापत होती. संध्याने पाटावर अक्षता ठेवल्या, भावाला कुंकू लावलं, पत्रिका त्याच्या हातात दिली, आणि लगेच मामीला हात लावते म्हणून आत वळली.

"संध्ये, बस," गोटीराम म्हणाला.

ती बसली.

त्याने पत्रिका उघडली. पातळ कागद बाजूला काढला. पहिल्यापासून वाचायला लागला, बोट ठेवून, एक एक नाव. जणू ती सगळी नावं त्याला पाठ होती आणि तो फक्त पडताळून घेत होता. मजकूर संपला. बोट खाली सरकलं आणि अंगठा नावावर टेकला. त्याने अंगठा उचलून बघितला. डाळिंबी झाला होता.

"यो छापलेला नाय," तो म्हणाला.

"नाय," संध्या म्हणाली. "पोरीन हातान कोरलाय. दादूस, मी इसरली. छापखान्यावाल्यान नाय, मीच इसरली." एवढं बोलल्यावर तिला थांबता येईना. "आन तू तथंच व्हतास. स्टुलावं. बोल्लास कं नाय? एक हाक मारली आसतीस तर..."

गोटीरामने पत्रिका मांडीवर ठेवली. "मना वाटला, तांडेलांची सरली का आमची येतील. मी स्क्रू तोंडान धरून वाट बघली." मग म्हणाला, "वाईट वाटला. लय वाईट वाटला. रंगूला बोल्लो नाय. मेट्रोन उभा ऱ्हायलो, बसाला जागा व्हती तरी."

रंगूबाईचा भाकरी थापायचा आवाज आत थांबला होता.

"मंग फोन कसा केलास?" संध्याने विचारलं.

"खुर्च्या कमी धरलेल्या त्यान. फोन तर कराला लागनारच." त्याने पत्रिकेकडे पुन्हा बघितलं, मग उन्नतीकडे. "यो सगल्यांवं हाय का मनाच दाखवाला?"

"सगळ्यांवर," उन्नती म्हणाली आणि आपले हात पुढे केले. उजव्या तळव्यावर फोड होता आणि नखांत शाई. "घरात पाय ठेवायला जागा नाही. बाबा बाथरूमपर्यंत चवड्यांवर जातायत."

गोटीरामने तिचा हात धरून उलटापालटा करून बघितला. मग तो उठला, डोळे शर्टाच्या बाहीला पुसले आणि कपाट उघडलं. पिवळी साडी त्याने कधीच आणून ठेवली होती. खोक्यातून ती काढून दोन्ही हातांनी त्याने भाचीच्या मांडीवर ठेवली, आणि मगच त्याला अंगठा आठवला. हात उचलला तेव्हा साडीच्या काठाला त्याचा अख्खा अंगठा उमटला होता, रेघांसकट.

"अगं बाई," रंगूबाई दारात येऊन म्हणाली. "नवी कोरी साडी. द्या इकडे, मीठ लिंबू लावते, आता लगेच निघेल."

संध्याच्या पिशवीत फडकं होतं. कुठेही जाताना असतंच. डाग ओला होता, आत्ता पुसला असता तर निघालाही असता, आणि तिचा हात सवयीने पिशवीत गेलाही.

लग्नाच्या दिवशी उन्नती मामाच्या मागून मांडवात आली. भावकीतल्या बायकांना काठावरचा तो डाग म्हणजे कुंकवाचं बोट वाटलं, आणि एकीने तसं संध्याला म्हणूनही दाखवलं. संध्या हो म्हणाली. पण त्या रविवारी, तळोज्याच्या त्या घरात, तिने फडकं बाहेर काढलं नाही. पिशवी बाजूला ठेवली, मांडी घातली आणि म्हणाली, "ऱ्हऊं दे वहिनी. जेवाला वाढ."